शिडाच्या बोटीवरचं गोडं पाणी: वास, खारट चहा आणि रात्री टुकटुकणारा पंप

खारावारा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आगेमागे आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी ३० फुटी शिडाची बोट घेतली. (घरी अजून ‘तुमची ती होडी’ असंच म्हणतात.) गेटवेसमोर मूरिंगवर (समुद्रातच कायमच्या नांगराला बांधलेली) असते. रविवारी मांडवा, नाहीतर खांदेरीला वळसा घालून परत, एवढीच आमची झेप. शिडं, दोऱ्या, इंजिन शिकवणारे पुष्कळ भेटले. पाण्याच्या टाकीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आता सगळ्यात जास्त छळतंय ते पाणीच.

रचना अशी आहे. पुढे नाळेकडच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) बिछान्याखाली १२० लिटरची प्लास्टिकची टाकी, मधल्या बाकाखाली ८० लिटरची स्टीलची. दोन्हींचे पाइप एका टी-जोडात येतात, तिथून १२ व्होल्टचा पंप. पुढे सिंकचा नळ, संडासातला नळ आणि मागे कॉकपिटमध्ये पाय धुवायचा हातशॉवर. नळ उघडला की पंप आपोआप चालू, बंद केला की बंद.

तक्रारी तीन. पाण्याला वास येतो, सडक्या अंड्याचा म्हणतात तसला. चहा खारट लागतो; पहिल्या दिवशी वाटलं कुणीतरी साखरेऐवजी मीठ टाकलं. आणि रात्री मांडव्याला नांगर टाकून झोपलो की सगळे नळ बंद असतानाही पंप दर दहा-पंधरा मिनिटांनी ‘टुक’ करतो. डोळा लागला की टुक.

टाकीत एकदा हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) ओतून झालं. दोन आठवडे बरं होतं, मग पुन्हा तेच. इंग्रजी व्हिडिओ पाहिले, तर निम्मा वेळ ते हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून काय करायचं ते सांगतात. मुंबईत काय गोठणार, कप्पाळ!

कुणाला अनुभव आहे का?

बुडबुडा | सोमवार, रात्री ११:०२

पाण्यात राहून पाण्याची तक्रार! वाचतोय.

उत्तरवारा | मंगळवार, सकाळी ८:१५

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही. मी गेली बरीच वर्षं इथेच बोट ठेवतो. स्पष्ट सांगतो: टाकीचं पाणी पिऊ नका. २० लिटरचा जार चढवायचा, बाकी टाकीचं पाणी भांडी आणि पाय धुवायला. विषय संपला.

पंपाचं म्हणाल तर कुठेतरी गळतंय. बोटीवरून उतरताना पंपाचा स्विच न चुकता बंद करा. माझा एकदा चालू राहिला आणि मागच्या शॉवरची नळी जोडातून निसटली. पंपाला वाटलं कुणीतरी नळ उघडलाय. त्याने दोन्ही टाक्या बोटीच्या तळात रिकाम्या केल्या, तळातल्या पंपाने ते सगळं इमानेइतबारे समुद्रात टाकलं, आणि शेवटी कोरडा फिरून फिरून पाण्याचा पंप आणि बॅटरी दोन्ही गेले. रविवारी सकाळी पाहुण्यांसमोर ही शोभा.

इंजिनरूम | मंगळवार, दुपारी १:३०

मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होतो, आता निवृत्त. जहाजावरच्या टाक्या शेकडो टनांच्या, तुमची २०० लिटरची, पण रोग तेच असतात.

उत्तरवारा, जारबद्दल असहमत. प्यायला जार ठीक, पण दात कशाने घासता? काकडी-टोमॅटो कशाने धुता? नळातून येतं ते पोटात जाणार असं धरूनच चालावं. शिवाय जाराची स्वतःची कुंडली कुणी पाहिलीय?

खारावारा, क्लोरीन ओतण्याआधी मला पुढील माहिती द्या. वास आणि खारटपणा दोन्ही टाक्यांच्या पाण्याला आहे की एकाच? तुम्ही बहुधा दोन्ही व्हॉल्व उघडे ठेवता. ते आधी बंद करा. एका वेळी एकच टाकी चालू. एक बिघडली तर दुसरी शाबूत राहते, आणि बोट कलली की वरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत उतरत नाही. शेदीडशे किलो वजन एका बाजूला सरकलं तर बोटीला कळतं.

दुसरं, दोनेकशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार तो लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजा, आणि किनाऱ्यावर जिथून कॅन भरता ते पाणीही मोजा.

तिसरं, टाकीला हवेची नळी असते. पाणी भरताना आतली हवा त्यातून बाहेर जाते, उपसताना आत येते. तिचं दुसरं टोक कुठे निघतं ते शोधा. नव्या मालकांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

मनीप्लांट | मंगळवार, दुपारी ३:१०

बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीलाही हल्ली वास येतोय, म्हणून वाचतेय. ती हवेची नळी म्हणजे टाकीच्या वरच्या बाजूला वाकडा पाइप असतो तोच का?

इंजिनरूम | मंगळवार, दुपारी ३:४५

काम तेच, ताई. गच्चीवर बहुतेकदा ओव्हरफ्लोचा पाइपच ते करतो. त्याच्या तोंडाला बारीक जाळी आहे का बघायला सांगा.

वरळीचा_नाखवा | मंगळवार, रात्री ९:२०

आमची मासेमारीची बोट होती, ट्रॉलर. आठ-दहा दिवस बाहेर, पाणी पिंपात. आमच्या बाबांचा एकच नियम: पिंपात हात घालायचा नाय. एक लांब दांड्याचा डोया, तो पाण्याचाच, दुसऱ्या कशाला लावायचा नाय. नवा खलाशी हात बुडवताना दिसला तर शिव्यांचा पाऊस.

तुमचं पाणी वर चढतं कसं ते सांगा. कॅन कोण भरतो? ओहोटीला जेट्टीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर ते कॅन टेकवतात, झाकण खाली पडतं, समुद्राच्या पाण्यात खंगाळून परत लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खारावारा | बुधवार, रात्री ११:५०

@नाखवा, तुम्ही आमच्या पोऱ्याला ओळखता काय? अगदी असंच चालतं. कॅनही पांढरे अर्धपारदर्शक, दिवसभर डेकवर उन्हात, आतून हिरवट. नवे निळे जाड कॅन आणायला सांगितले आहेत.

मीटर मागवलाय. रविवारी जाऊन सगळं मोजतो.

बुडबुडा | गुरुवार, सकाळी १०:००

अवांतर: एवढ्या भानगडीपेक्षा समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र लावलं तर? चारी बाजूंना पाणीच पाणी.

इंजिनरूम | गुरुवार, दुपारी १२:२०

लावता येतं, पण मुंबई बंदरात नाही. त्या यंत्रात समुद्राचं पाणी साधारण ५५ बार दाबाने पडद्यातून ढकलावं लागतं. इथल्या गाळाने पुढचे फिल्टर बघता बघता तुंबतात, आणि तेलाचा तवंग पडद्यापर्यंत पोचला तर पडदा गेला. त्यात रविवारपुरती वापरायची बोट. वापर नसेल तेव्हा पडदा रसायनात मुरवून ठेवावा लागतो, आणि धुताना चुकून क्लोरीनचं पाणी गेलं तर तेवढ्यानेही तो खराब होतो. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्यांनी घ्यावं. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये म्हादेईवरून मुंबई ते मुंबई एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिथे पाण्याचा विचार वेगळा. मांडव्याला कॅन पुरे.

उत्तरवारा | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

जंजिऱ्याला जाल तेव्हा किल्ल्यातले गोड्या पाण्याचे तलाव जरूर बघा. सभोवती खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याची सोय आहे. पाण्याची व्यवस्था आधी, तोफा नंतर.

खारावारा | रविवार, रात्री १०:१५

आकडे घ्या. किनाऱ्यावरचा नळ: ८२. मागची स्टीलची टाकी: २४०. पुढची प्लास्टिकची: ११४०!

वास पुढच्याच टाकीला. मागचीला नाही म्हणण्याइतका. दोन्ही व्हॉल्व उघडे असायचे म्हणून पुढचं थोडं पाणी मागे गेलं असावं. इंजिनरूम काका, तुमचं निदान बरोबर.

हवेच्या नळीचं टोक सापडलं नाही. टाकीवरून निघते, पुढे लाकडी पडद्याआड जाते आणि गायब. बाहेर डेकवर, कठड्याला, कुठेच भोक दिसत नाही.

लिटमस | सोमवार, सकाळी ९:०५

रसायनशास्त्र शिकवतो, बोटीत कधी बसलो नाही. पण आकडे पाहून राहवलं नाही.

समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मीटरच्या भाषेत ३५,०००. गोड्या पाण्यात दर शेकडा १ भाग समुद्र मिसळला की टीडीएस अंदाजे ३५० ने चढतो. तुमचा ८२ वरून ११४० झाला, म्हणजे १०५८ ने वाढला. शेकडा ३ भाग धरा. टाकी १२० लिटरची, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास समुद्राचं पाणी आत गेलंय. हे ढोबळ, पण दिशा कळते: तुमच्या पोऱ्याने झाकण खंगाळल्याने एवढं होणार नाही. समुद्र सरळ टाकीत शिरतोय.

आता गंमत बघा. वास आणि खारटपणा हे दोन रोग नाहीत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, लिटरला अडीच ग्रॅमपेक्षा जास्त. टाकीच्या तळाशी गाळ साचला की त्याच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, आणि तिथे राहणारे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच तुमचा अंड्याचा वास. वर हायपोक्लोराइट ओतलंत ते बरंचसं गाळानेच खाऊन टाकलं. आतले जिवाणू शाबूत राहिले, आणि पुढच्या लाटेने त्यांना नवीन सल्फेट आणून दिलं.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! फरक एवढाच की इथे पखालही आजारी आहे.

एक सूचना: टीडीएस मीटर जंतू मोजत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण ८० टीडीएसचं पाणीही पोट बिघडवू शकतं.

बुडबुडा | सोमवार, सकाळी ९:४०

असे मास्तर शाळेत असते तर आज मी कुठे असतो. वाचनखूण साठवली.

इंजिनरूम | सोमवार, सकाळी ११:००

लिटमस, फर्मास.

खारावारा, नळी नाळेकडेच जाते ना? नांगराचा कप्पा उघडा. साखळी बाहेर काढा आणि कोपऱ्यात टॉर्च मारा.

खारावारा | रविवार, रात्री ११:३०

काका, साष्टांग दंडवत.

साखळी काढली. चाळीस मीटर, दोघांच्या कंबरा गेल्या. तिच्या प्रत्येक कडीत मांडव्याचा काळा चिखल, तोच वास. कप्प्याच्या तळाशी दोन बोटं चिखल. पाणी बाहेर जायचं भोक पार बुजलेलं. त्याच्या वीतभर वर, डाव्या कोपऱ्यात, एक पांढऱ्या नळीचं तोंड, ना जाळी ना बाक. हवेची नळी हीच!

म्हणजे वारा अंगावर घेऊन जाताना नाळ लाटेत घुसली की कप्पा भरायचा, भोक बुजल्यामुळे पाणी साचायचं आणि चिखलासकट नळीतून थेट टाकीत. आम्ही त्याचा चहा करून प्यायलो. तपशील घरी सांगितलेला नाही, कृपया इथल्या कुणी सांगू नये.

डेकवरचं पाणी भरायचं झाकणही उघडून पाहिलं. त्याची रबरी रिंग चपटी होऊन तडकली होती. ती बदलली, बोटाने थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं.

टाकीचं तपासणीचं झाकण काढून आत हात घातला. वरून पाणी स्वच्छ दिसत होतं. तळाला बोट लावल्यावर काजळीसारखा धूर उठला. पावशेर तरी गाळ निघाला.

आता क्लोरीनचं प्रमाण कुणी नीट सांगेल का? मागच्या वेळी अंदाजपंचे ओतलं होतं.

इंजिनरूम | सोमवार, दुपारी १२:४५

गाळ पूर्ण पुसून काढल्याशिवाय क्लोरीनचा विचार नको. मऊ स्पंज घ्या, तारेची घासणी नको. धुण्याचं पाणी तळातून उपसून बाहेर.

मग हिशेब सोपा. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला १ मिली टाकलं की ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) होतं. तुमच्या १२० लिटरला १२० मिली. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर १५० मिली. बाटली ताजी हवी. आपल्या उकाड्यात सहा महिने लॉकरमध्ये पडलेल्या बाटलीत नावालाच जोर उरतो. वासाचं, फेसाचं, रंगीत काही नको. पंचायतवाले विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडरही बोटीत नको, तिचा चुना जाळीत बसतो.

अर्धी टाकी भरा, क्लोरीन घाला, मग हवेच्या नळीतून पाणी बाहेर येईपर्यंत भरा. नळीही आतून धुतली जाईल. तुमच्या बाबतीत तीच मुख्य आरोपी आहे. नळाला कार्बन फिल्टर असेल तर त्याचं काडतूस आधी काढा. मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा. मागचा शॉवर लोक हटकून विसरतात, आणि तिथल्या नळीतलं जुनं पाणी सगळ्यात घाणेरडं असतं. पंप बंद, चार तास थांबा. उपसा, दोनदा साध्या पाण्याने धुवा.

स्टीलच्या टाकीत क्लोरीन रात्रभर ठेवू नका. वेल्डिंगच्या कडेला सुईएवढी भोकं पडतात. चार तास म्हणजे चारच.

आणि हात जोडून: नंतर वास जावा म्हणून कुणी व्हिनेगर वापरा म्हणेल. टाकी पूर्ण धुऊन झाल्यावर वापरायचं तर वापरा, पण क्लोरीन असताना व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड, काहीही नको. विषारी वायू होतो, आणि बोटीच्या केबिनमधून पळायला एकच शिडी असते.

उत्तरवारा | सोमवार, रात्री ८:००

हवेच्या नळीचं टोक तिथून हलवा. केबिनच्या आत, टाकीपेक्षा बरंच उंच, उलटा बाक देऊन आणि बारीक जाळी लावून. टाकी जास्त भरली तर सिंकमध्ये थेंब पडतील असं बसवलं की झालं. नवीन नळी अपारदर्शक, खाण्याच्या पाण्याची घ्या. पारदर्शक नळीत उजेडाने शेवाळ धरतं.

टुकटुक सुटलं का?

खारावारा | पुढचा रविवार, रात्री १०:५०

सुटलं, आणि मला वाटलं होतं तिथे नव्हतं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला आणि पंप चालू ठेवून झोपलो. सकाळी सगळे तुकडे कोरडे ठणठणीत, आणि पंप मात्र रात्रभर टुक.

मग पंपच उघडला. आत पाणी परत टाकीकडे जाऊ नये म्हणून रबरी झडप असते. तिच्या ओठाखाली नखाच्या कात्रणाएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा. आधीच्या कुणीतरी टाकीला तपासणीचं झाकण बसवताना भोक पाडलं असणार, तो कीस आत राहिला, आणि पंपाआधी जाळीच नव्हती. झडप पूर्ण मिटत नव्हती, दाब हळूहळू मागे उतरत होता, तो पडला की पंप उठायचा. तुकडा काढला, जाळी लावली. काल रात्री एकदाही वाजला नाही. इतकं शांत की मीच दोनदा उठून बघितलं.

क्लोरीन काकांच्या हिशेबाने. टाकी धुऊन, नवी नळी आणि झाकणाची रिंग बसवून झाल्यावर खांदेरीपर्यंत नाळ बुडवत जाऊन आलो. पुढच्या टाकीचा टीडीएस ८६.

आता प्रश्न असा, की दोन्ही टाक्या भरून ठेवाव्यात का? आणि पावसाळ्यात काय?

इंजिनरूम | सोमवार, सकाळी १०:३०

भरून कशाला? इथे केबिनमध्ये दुपारी भट्टी होते. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन काही दिवसांत उडून जातं, मग ते नुसतं कोमट पाणी. रविवारच्या फेरीला चौघांना लागतं किती? दोन कॅन, चाळीस लिटर. तेवढंच मागच्या टाकीत घ्या, संपवून या, उरलेलं उपसा. पुढची रिकामी असेल तर नाळही हलकी राहते. लांब जायचं असेल त्याच दिवशी ती भरा. घरी आपण माठातलं पाणी रोज बदलतो ना, तसंच.

पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हा दोन्ही पूर्ण उपसायच्या, पंपातलं पाणीही चालवून काढायचं, नळ उघडे ठेवायचे, तपासणीची झाकणं काढून तोंडाला जाळीदार कापड बांधायचं. ओल पुसून घ्या, नाहीतर जुलैत आत बुरशीची शेती. ऑक्टोबरमध्ये पुन्हा क्लोरीन, पुन्हा धुणं, मगच भरणं.

उत्तरवारा | सोमवार, दुपारी ४:००

सिंकजवळ एक पायपंपही लावून टाका. बॅटरी गेली तरी पाणी मिळतं, आणि पायाने हापसायचं म्हटलं की पाहुणे पाणी जपून वापरतात.

चाळीस लिटरचं मात्र पटलं. जार तरीही माझा माझ्यापाशी.

वरळीचा_नाखवा | सोमवार, रात्री ९:१०

साखळी वर घेताना कडीन् कडी समुद्राच्या पाण्याने बादलीभर मारून धुवा, मगच कप्प्यात टाका. चिखल तिथल्या तिथे परत जातो. आमच्याकडे हे काम सगळ्यात धाकट्याचं.

खारावारा | सोमवार, रात्री ९:३५

चौघांत सगळ्यात धाकटा मीच आहे.

मनीप्लांट | बुधवार, सकाळी ७:५०

गच्चीवर जाऊन पाहिलं. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. वॉचमनने हात घातला तर कबुतराची दोन पिसं आणि काड्या निघाल्या. सेक्रेटरींना फोटो पाठवलाय. ते म्हणतात, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.